सोसायटीतले चांदणी कासव: त्याचे काय करावे आणि मुलांसमोर काय बोलावे?

पायवाट (प्रश्न)

नमस्कार. आमच्या पुण्यातल्या सोसायटीत दरवर्षी मे महिन्यात मुलांचे शिबिर भरते. २३ मे हा जागतिक कासव दिन यंदा शिबिराच्या दिवसांतच येतो, म्हणून त्या दिवशी कासवांविषयी तासाभराचा कार्यक्रम ठेवावा असे ठरले. मी कधीकाळी प्राणिशास्त्र शिकले आहे एवढ्याच भांडवलावर तो माझ्याकडे सोपवण्यात आला. चित्रे जमवली, टिपणे काढली, आणि मग लक्षात आले की ज्याविषयी बोलायचे ते कासव आमच्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहते.

तिथल्या आजोबांकडे गेली अकरा वर्षे एक चांदणी कासव आहे. काळपट पाठीवर पिवळ्या रेषांच्या चांदण्या असलेले, ज्याला बरेच लोक स्टार कासव म्हणतात, तेच. घरात लक्ष्मी नांदावी म्हणून त्यांच्या पुतण्याने ते आणून दिले तेव्हा ते आमटीच्या वाटीत मावत असे, आता ते नाश्त्याच्या बशीएवढे झाले आहे. आजी होत्या तोवर त्या त्याला रोज सकाळी जास्वंदीचे एक फूल घालत. त्या गेल्यावर आजोबांनी तो नेम मोडलेला नाही. त्यांच्या मायेविषयी मला तिळमात्र शंका नाही, पण कासव काचेने बंद केलेल्या गॅलरीत गुळगुळीत फरशीवर राहते, फुलाव्यतिरिक्त काकडी, टोमॅटो आणि दुधात कुस्करलेली पोळी खाते, आणि त्याच्या पाठीवर आता टेंगळांसारखे उंचवटे दिसतात. चालताना त्याचे पाय बाहेरच्या बाजूला फाकतात.

कार्यक्रमाची चर्चा निघाल्यावर सोसायटीत दोन तट पडले. काहींचे म्हणणे असे की कासवाला गुपचूप पाषाण तलावात सोडून द्यावे, म्हणजे त्याला स्वातंत्र्य मिळेल आणि आजोबांनाही त्रास होणार नाही. एका सभासदाला थेट पोलिसांत तक्रार करायची आहे. शिवाय दोन घरांत काचेच्या टाकीत लाल कानाची छोटी कासवे आहेत, त्यांचे मालक म्हणतात की ती परदेशी असल्यामुळे त्यांना कोणताच नियम लागत नाही. मला जाणकारांकडून दोन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत: या कासवाच्या भल्यासाठी नेमके काय करावे, आणि आजोबांना गुन्हेगार ठरवल्यासारखे न वाटता मुलांसमोर हा विषय कसा मांडावा?

गुरांचा डॉक्टर

सर्वांत आधी तलावाचा विचार कायमचा रद्द करा, कारण त्या तलावात हे कासव बुडून मरेल. हे वाचून अनेकांना आश्चर्य वाटते, आणि त्या आश्चर्याचे मूळ मला आपल्या भाषेत दिसते. समुद्रात राहणारे, नदीत राहणारे आणि आयुष्यभर कोरड्या माळावर चरणारे अशा तिन्ही प्राण्यांना आपण एकाच शब्दाने कासव म्हणतो, आणि कासव म्हटले की मनासमोर पाणीच येते. चांदणी कासव हे जमिनीवरचे कासव आहे. त्याचे पाय हत्तीच्या पायांसारखे खांबासारखे असतात, बोटांमध्ये पडदा नसतो आणि पाठ घुमटासारखी उंच व जड असते. उथळ पाण्यात ते बसेल, पाणी पिईल, पण खोल पाण्यात ते पोहू शकत नाही. विहिरीत किंवा देवळाच्या कुंडात पुण्यकर्म म्हणून सोडलेली अशी कासवे नंतर मेलेली सापडल्याचे माझ्या व्यवसायात मी दोनदा पाहिले आहे, आणि दोन्ही वेळी सोडणाऱ्याचा हेतू शुद्ध होता.

आता प्रकृतीविषयी. पाहिल्याशिवाय निदान करू नये हे खरे, तरी आपण केलेल्या वर्णनावरून बराच अंदाज बांधता येतो. चांदणी कासवाच्या पाठीवर थोडे उंचवटे निसर्गतःच असतात, त्यामुळे प्रत्येक उंचवटा म्हणजे आजार नव्हे. परंतु बंदिस्त जागेत वाढलेल्या कासवांत ते पिरॅमिडसारखे टोकदार होतात, आणि त्यामागे लहानपणी मिळालेली अति कोरडी हवा, चुकीचा आहार आणि कॅल्शियमची कमतरता अशी कारणे एकत्र असतात. पाय फाकणे मला अधिक चिंताजनक वाटते. गुळगुळीत फरशीवर पायाला पकड मिळत नाही हे त्याचे एक कारण, आणि हाडे मऊ पडणे हे दुसरे. कासवाच्या शरीराला कॅल्शियम वापरण्यासाठी ड जीवनसत्त्व लागते आणि ते त्वचेत तयार होण्यासाठी उन्हातील अतिनील किरण लागतात, पण खिडकीची साधी काच हे किरण जवळजवळ पूर्णपणे अडवते. त्यामुळे आजोबांना गॅलरीत ऊन येताना दिसते, कासवाला त्यातली ऊब मिळते, आणि ज्यासाठी ते ऊन हवे ते मात्र काचेबाहेरच राहते.

आहाराविषयी स्पष्ट सांगतो. दूध, पोळी, भात, पाव यांपैकी काहीही या प्राण्याचे अन्न नाही. रानात तो मुख्यतः गवत, झुडपांची पाने, गळून पडलेली फळे आणि फुले खातो. त्याचे पचन चोथ्यावर चालते, आणि काकडी-टोमॅटोत पाण्याशिवाय फारसे काही नसते. पालकही रोज देऊ नये, कारण त्यातील ऑक्झॅलेट कॅल्शियमला बांधून ठेवते. गंमत म्हणजे आजींच्या त्या जास्वंदीच्या फुलाला मात्र माझी काहीच हरकत नाही, त्या ताटातला योग्य पदार्थ तोच होता.

पुढची व्यवस्था होईपर्यंत, म्हणजे या आठवड्यापासूनच, कासवाला सकाळचे कोवळे ऊन काचेच्या आड न ठेवता थेट मिळू द्या. मात्र शेजारी सावलीचा आडोसा हवाच, नाहीतर ते तापून मरेल. फरशीवर माती किंवा निदान गोणपाट अंथरा. हनुवटीपर्यंतच येईल इतक्या कोमट पाण्यात आठवड्यातून दोन-तीनदा दहा-पंधरा मिनिटे बसवा. औषधांचा फवारा न मारलेले गवत, शेवग्याचा आणि तुतीचा पाला द्या. नाकातून फुगे येत असतील किंवा ते तोंड उघडे टाकून श्वास घेत असेल तर एक दिवसही थांबू नका. कासवाच्या बरगड्या कवचाला जोडलेल्या असतात आणि त्याला आपल्यासारखा श्वासपटल नसतो, त्यामुळे त्याला नीट खोकताही येत नाही आणि फुप्फुसातला संसर्ग बाहेर दिसेपर्यंत बराच वाढलेला असतो.

मुलांना एक गोष्ट आवर्जून सांगा. कवच म्हणजे अंगावर घातलेले चिलखत नव्हे. सुमारे साठ हाडांचे ते जिवंत शरीर आहे, पाठीचा कणा त्यातच जोडलेला आहे आणि त्यावर ओरखडलेले कासवाला कळते. त्यावर नाव रंगवणे किंवा दोरी बांधायला भोक पाडणे म्हणजे काय, हे त्यांना मग वेगळे समजवावे लागणार नाही.

रानवेडा

डॉक्टरांनी प्राण्याची बाजू मांडली आहे, मी कायद्याची आणि रानाची मांडतो. मी वनविभागाबरोबर स्वयंसेवक म्हणून काम करतो, अधिकारी नाही, हे आधी नमूद करतो.

चांदणी कासव वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ मध्ये पूर्वी चौथ्या अनुसूचीत होते. २०२२ च्या दुरुस्तीने, जी १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली, ते पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघ आणि हत्ती यांच्या पंक्तीला गेले. या अनुसूचीतल्या प्राण्याच्या बाबतीतल्या गुन्ह्याला किमान ३ आणि कमाल ७ वर्षे कैद व किमान २५,००० रुपये दंड आहे. आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या करारातही, ज्याला साइट्स म्हणतात, २०१९ च्या जिनिव्हातील बैठकीत ते दुसऱ्या परिशिष्टातून पहिल्यात आले, म्हणजे रानातून पकडलेल्या कासवांचा व्यापारी हेतूने देशोदेशीचा व्यवहार बंद झाला. आजोबांना हे सांगावे लागेल, पण धमकी म्हणून नव्हे. अकरा वर्षांपूर्वीही ते बेकायदाच होते, फक्त आता त्याचे गांभीर्य वाढले आहे.

कायदा इतका कठोर का झाला, हे मुलांनाही समजेल अशा एका आकड्यात सांगता येते. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, भारतातल्या केवळ एका व्यापारकेंद्रासाठी वर्षाला किमान ५५,००० चांदणी कासवे रानातून उचलली जात असल्याचे आढळले. त्यांतली बहुतेक पिले परदेशात, विशेषतः आग्नेय आशियाकडे जातात, आणि मुंबई-चेन्नईच्या विमानतळांवर कपड्यांच्या बॅगांत, हालचाल होऊ नये म्हणून चिकटपट्टीने गुंडाळलेली कासवे पुन्हा पुन्हा पकडली जातात. जी मादी वयात यायलाच बरीच वर्षे घेते आणि एका वेळी मोजकीच अंडी घालते, तिच्या जातीला ही लूट भरून काढता येत नाही. आपल्या घरात आलेले एक पिलू ही त्या ५५,००० मधलीच एक नोंद असते. ते विकत घेताना आपण एकाला वाचवले असे वाटते, प्रत्यक्षात विकणाऱ्याच्या टोपलीत दुसऱ्याची जागा रिकामी झालेली असते.

आता कासवाचे काय करायचे. वनविभागाचा १९२६ हा निःशुल्क मदत क्रमांक आहे, त्यावर फोन करून प्रकरण सांगा. पुण्यात बावधनला वन्यप्राणी उपचार केंद्रही आहे. माझा सल्ला असा की आजोबांनी स्वतः, सोसायटीतल्या एखाद्या जबाबदार व्यक्तीला बरोबर घेऊन, कासव कधी व कोणाकडून आले हे सरळ लिहून द्यावे आणि सुपूर्द केल्याची पोच घ्यावी. आपणहून दिले तर काहीच होणार नाही अशी हमी मी देऊ शकत नाही, ती देण्याचा मला अधिकार नाही. म्हणून आजोबांच्या मनात धाकधूक असेल तर आधी एखाद्या वकिलाशी बोलणे शहाणपणाचे. मात्र कोणी तक्रार केल्यावर दारात पथक येणे आणि आपण होऊन जाणे या दोन गोष्टी सारख्या नाहीत. तक्रार करू पाहणाऱ्या सभासदांना तेवढे दिवस थांबायला सांगा.

आणखी एक अपेक्षा आत्ताच दूर करतो. सुपूर्द केलेले कासव दुसऱ्या दिवशी रानात सोडले जाईल असे नाही, कदाचित कधीच सोडले जाणार नाही. या कासवाचे मूळ प्रदेश वायव्येला राजस्थान-गुजरात आणि सिंध, दक्षिणेत कर्नाटक, आंध्र व तमिळनाडूचा कोरडा पट्टा, आणि श्रीलंका असे तुटक आहेत. त्यांतल्या कासवांचे जनुकीय वेगळेपण हैदराबादच्या शास्त्रज्ञांनी दाखवून दिले आहे. आजोबांच्या कासवाचे गाव कोणते, हे त्या पुतण्यालाही ठाऊक नसणार. चुकीच्या कळपात सोडले तर तो वेगळेपणाच पुसला जातो. दुसरा धोका रोगाचा. अमेरिकेतल्या मोहावी वाळवंटातील कासवांत श्वसनाचा एक जिवाणूजन्य रोग फैलावला, आणि घरात पाळून नंतर सोडून दिलेल्या कासवांचा त्यात हात असावा असे तिथल्या अभ्यासकांना वाटते. म्हणूनच २०१८ च्या नोव्हेंबरात सिंगापूरहून ५१ चांदणी कासवे विमानाने बंगळुरूला परत आणली गेली, तेव्हा त्यांचाही पहिला मुक्काम रानात नव्हता, ती आधी विलगवासात ठेवली गेली.

कट्टेकर

वरचे दोन्ही प्रतिसाद अभ्यासपूर्ण आहेत, तरीही मला एक वेगळा सूर लावायचा आहे. आमच्या साताऱ्याच्या वाड्यात माझ्या आजोबांच्या काळापासून एक कासव होते. परसात फिरायचे, पडलेले पेरू खायचे, आम्ही चार भावंडे त्याच्या पाठीवर बसून मोठे झालो. ते किमान चाळीस वर्षे जगले. रानात त्याला कोल्ह्याने किंवा वणव्याने कधीच संपवले असते. ज्या माळांवर ही कासवे राहत होती तिथे आज दगडखाणी आणि सौरऊर्जेचे प्रकल्प आहेत, त्यांच्यावर कोणी सात वर्षांची कैद मागत नाही. मग एका विधुर म्हाताऱ्याच्या घरातला जीव काढून पिंजऱ्यात नेऊन ठेवण्यात कोणाचे कल्याण आहे? शिवाय घरोघरी पैदास करायला रीतसर परवानगी दिली तर रानातून पकडण्याची गरजच उरणार नाही, असेही मला वाटते.

गुरांचा डॉक्टर

आपल्या प्रश्नातला अर्धा भाग मला मान्य आहे. माळरान म्हणजे पडीक जमीन अशी सरकारदरबारी आणि आपल्याही मनात नोंद आहे, आणि तिथले प्राणी त्यामुळे गुपचूप नाहीसे होतात. कासव घरात ठेवल्याने त्यातले काही थांबत नाही, एवढेच मी म्हणेन.

चाळीस वर्षे जगले, या मुद्द्यावर मात्र थांबायला हवे, कारण माझ्याकडे कासव घेऊन येणारी जवळपास प्रत्येक व्यक्ती हेच म्हणते. कुत्र्याला चुकीचे खायला घातले तर आठवड्यात कळते, गाय दोन दिवसांत दूध कमी देते. कासव थंड रक्ताचे आहे, त्याचे शरीर इतके सावकाश चालते की अपुऱ्या आहारावर, अपुऱ्या उन्हात ते वर्षानुवर्षे तग धरते. त्याला जगायला जसा वेळ लागतो तसा मरायलाही लागतो, आणि या मधल्या काळाला आपण सुखाचा संसार समजतो. ते ओरडत नाही, चावत नाही, केविलवाणे पाहत नाही. हिवाळ्यात कोपऱ्यात निपचित पडले की शांत झोपले आहे असे म्हणतात. हात लावताच मान आत घेऊन फुस्स असा आवाज काढते, त्यालाही लोक राग म्हणतात, वास्तविक तो फुप्फुसातून बाहेर पडलेल्या हवेचा आवाज असतो, भीतीने आत ओढून घेतल्यामुळे निघालेला. आपल्या परसात माती होती, ऊन होते, पेरू होते, म्हणून आपल्या कासवाचे पुष्कळच बरे चालले असेल. तिसऱ्या मजल्यावरच्या काचबंद गॅलरीला तो दाखला लागू पडत नाही. पाठीवर बसण्याविषयी मी काही बोलत नाही, आपण तेव्हा लहान होता.

पैदाशीचे सांगायचे तर, रानातले पिलू फुकट मिळते आणि वाढवलेल्या पिलाला काही वर्षांचा खर्च येतो. दोन्ही दिसायला सारखीच, तेव्हा परवाना एकाचा आणि माल दुसऱ्याचा, ही वाट कोणालाही सुचेल.

फळा-खडू

मी प्राथमिक शाळेत शिकवते आणि मुलांबरोबर हा विषय तीन वेळा घेतला आहे, म्हणून दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देण्याचे धाडस करते.

जिवंत कासव कार्यक्रमाला आणू नका. पहिल्या वर्षी मी ही चूक केली होती, कोणाचे तरी पाण्यातले कासव टबमध्ये ठेवले होते. तासाभरात मुलांना संवर्धन वगैरे काही आठवले नाही, पंचवीस जणांना घरी कासव हवे झाले, आणि संध्याकाळी दोन पालक मला दुकानाचा पत्ता विचारत होते.

मी सुरुवात देवळापासून करते. गाभाऱ्यासमोर जमिनीत बसवलेले दगडी कासव प्रत्येक मुलाने ओलांडलेले किंवा त्याला हात लावून नमस्कार केलेला असतो. मग आपल्या संतवाङ्मयातली कल्पना सांगते, की कासवी पिलांना दूध पाजत नाही, केवळ मायेच्या नजरेने वाढवते. त्यानंतर विचारते की हे खरे असेल का. खरे उत्तर ऐकून मुले गप्प होतात: मादी खड्डा खणते, अंडी घालते, माती सारखी करते आणि निघून जाते, तिची आणि पिलांची भेट होत नाही. अंडी किती उबेत राहिली यावर पिलू नर होणार की मादी हेही ठरते. नजरेने पिलांना वाढवणारे कोणी नसेल तर त्यांना कोण सांभाळते, असे एका मुलीने विचारले होते, आणि सबंध तास त्या प्रश्नावर गेला. गवत, माती, पाऊस अशी उत्तरे मुलांनीच दिली.

वेळासची गोष्ट मुलांना आवडते. रत्नागिरी जिल्ह्यातल्या मंडणगड तालुक्यातले हे गाव, जिथे चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ पासून सागरी कासवांची अंडी राखायला सुरुवात केली आणि पुढे गावकऱ्यांनी पर्यटकांना घरात उतरवून त्यातूनच उत्पन्न मिळवले. मात्र ती ऑलिव्ह रिडले जातीची समुद्री कासवे आहेत, त्यांची पिले पाण्याकडे सोडतात. ते चित्र पाहिलेले मूल चांदणी कासवालाही पाण्यात सोडू पाहणारच, म्हणून माती, गोडे पाणी आणि समुद्र असे तीन मोठे कागद लावून कोणते कासव कुठे चिकटवायचे असा खेळ घ्या. आपल्या सोसायटीत तर मोठ्या माणसांनाही तो खेळायला बसवावे असे दिसते.

थोड्या मोठ्या मुलांसमोर नखांचा विषय काढा. वीस नखांचे कासव सापडले की गुप्तधन मिळते, पैशाचा पाऊस पडतो, या भ्रमापायी आपल्या महाराष्ट्रात कासवे पकडली जातात आणि माणसेही फसवली जातात. चांदणी कासवाच्या पुढच्या पायांना पाच-पाच आणि मागच्या पायांना चार-चार मिळून अठरा नखे असतात, आणि आपल्या तळ्यांतल्या मऊ पाठीच्या कासवाला प्रत्येक पायाला तीन, म्हणजे बाराच. फळ्यावर बेरीज करून घेतली की भोंदूगिरी मुलांना आपोआप कळते. २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा मग दोन वाक्यांत सांगता येतो.

लाल कानाच्या कासवांबद्दल पालकांशीच बोला. ते मूळचे उत्तर अमेरिकेतल्या मिसिसिपीच्या खोऱ्यातले. दुकानात रुपयाच्या नाण्याहून थोडे मोठे असते, वाढून वीतभराहून मोठे होते, तीस-तीस वर्षे जगते, आणि टाकी लहान पडू लागली की ते नदीत सोडले जाते. जगातल्या सर्वांत उपद्रवी शंभर आक्रमक जातींच्या यादीत त्याचे नाव आहे. ते वाटेल ते खाते आणि ऊन खायच्या जागांवरून स्थानिक कासवांना हुसकावते. पुणेकरांना तर याची अधिक चाड हवी, कारण १८७२ मध्ये विज्ञानाला ओळख झालेले लेथचे मऊ पाठीचे कासव पुण्याहून गेलेल्या नमुन्यांवरूनच वर्णिले गेले, आणि आज ते अतिसंकटग्रस्त आहे. नियम लागतो की नाही हा वाद बाजूला ठेवून त्यांनी एवढे तरी कबूल करावे की ते नदीत सोडणार नाहीत. केरळात २०१८ मध्ये त्रिशूरजवळच्या एका कालव्यात ते सापडल्यावर पीची इथल्या वनसंशोधन संस्थेने लोकांकडून अशी कासवे गोळा करून घेण्याची मोहीम काढली. आपल्याकडे तशी सोय होईपर्यंत ज्याने आणले त्याने मोठी टाकी घेऊन सांभाळावे, आणि मुलांनी हात लावला की साबणाने धुवावेत. अंगावरच्या साल्मोनेला जिवाणूंमुळे मुले आजारी पडत, म्हणून अमेरिकेने १९७५ सालीच सुमारे दहा सेंटिमीटरपेक्षा लहान कासवांच्या विक्रीवर बंदी घातली होती.

माजघर

मी तज्ज्ञ नाही. चार वर्षांपूर्वी आमच्या घरातले चांदणी कासव आम्ही सुपूर्द केले, म्हणून लिहिते आहे. कायदा वाचून दाखवल्यावर माझ्या सासूबाईंनी जेवण सोडले होते. ज्यांनी ते द्यायचे आहे त्यांना आधी डॉक्टरांकडे घेऊन जा, एवढेच सांगते. क्ष-किरणाच्या चित्रात कवचाच्या कडा पारदर्शक झालेल्या त्यांनी स्वतः पाहिल्या आणि आपणहून म्हणाल्या की हे माझ्याच्याने होणार नाही. कागदपत्रांसाठी आम्हाला ज्या कार्यालयात जावे लागले तिथे तीन खेपा झाल्या, आणि एका कर्मचाऱ्याने सर्वांसमोर चोर पकडल्यासारखे बोलून दाखवले. ते अजून सलते. म्हणून आजोबांना एकट्याने पाठवू नका.

पायवाट

सर्वांचे मनःपूर्वक आभार. तलावाची कल्पना मांडणाऱ्या काकांना डॉक्टरांचा प्रतिसाद जसाच्या तसा वाचून दाखवला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग त्यांनी सांगितले की सहा वर्षांपूर्वी त्यांच्या भावाचे कासव त्यांनी स्वतःच्या हाताने धरणात सोडले होते.

माजघर यांचा सल्ला मानून आजोबांना आधी प्राणिचिकित्सकांकडे नेले. हाडे मऊ आहेत, पण उपचाराने सुधारणा होईल असे तिथे सांगितले. आजोबांनी परवा लिहून द्यायचे ठरवले आहे, मी आणि सोसायटीचे सचिव बरोबर जाणार आहोत. पोलिसांचा विषय मागे पडला आहे. २३ तारखेच्या कार्यक्रमात चांदणी कासवावर कोणी बोलायचे हे ठरत नव्हते, तेव्हा आजोबाच म्हणाले की दहा मिनिटे ते बोलतील, दूध-पोळीचेही सांगतील.

रानवेडा यांना एक विचारायचे आहे. आजोबांची एकच चौकशी आहे: तिकडे त्याला जास्वंदीचे फूल मिळेल का, आणि मिळणार नसेल तर आमच्या इमारतीच्या आवारातली फुले नेऊन दिलेली चालतील का?

रानवेडा

केंद्रात आहार डॉक्टर ठरवतात आणि विलगवासाच्या काळात बाहेरचे काही आत घेत नाहीत, त्यामुळे सुरुवातीचे काही आठवडे चालणार नाही. नंतरचे मी विचारून इथेच कळवतो. झाडावर कीटकनाशक मारत असाल तर माळ्याला आजपासूनच थांबवा.